दोन घागरींना एक धडा

माझ्या शिक्षणाचा विषय निघाला की मी आधी माझ्या आक्काचं नाव घेतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. माझ्या लग्नपत्रिकेवर वडिलांनी माझ्या नावापुढं बी.एस्सी. छापून घेतलं होतं, आणि ती अक्षरं नावापेक्षा मोठी होती. पण त्या पदवीतला अर्धा वाटा पाचवी शिकलेल्या बाईचा आहे, हे पत्रिकेवर कुठंच नव्हतं. ते इथं लिहून ठेवतो.

आमचं गाव हदगाव तालुक्यातलं. तेव्हा गावात पाचवीपर्यंतच शाळा होती. सहावीपासून एस.टी.नं हदगावला जावं लागायचं आणि पोरींना एस.टी.नं शाळेत पाठवायची आमच्याकडं तेव्हा पद्धत नव्हती. आक्का पाचवीत पहिली आली आणि तिची शाळा संपली. ती रडली का, ते मला आठवत नाही. मी तेव्हा दुसरीत होतो. पण तीन वर्षांनी मी सहावीला गेलो, पहिल्या दिवशी एस.टी.तून उतरून घरी आलो, तेव्हा ती दारात उभी होती, ते मात्र चांगलं आठवतं.

"काय शिकवलं आज?" तिनं विचारलं.

"लई शिकवलं," मी म्हणालो आणि दप्तर फेकलं.

"लई म्हंजी काय, ते सांग."

मला खेळायला जायचं होतं. त्यातून संध्याकाळचं पाणी भरणं माझ्याकडं होतं. हापशावर रांग असायची आणि मला दोन घागरी आणायला अर्धा तास लागायचा. आक्कानं ते बरोबर हेरलं. ती म्हणाली, "तुझं पाणी मी भरते. तू मला शाळेत शिकवलेला एक धडा द्यायचा. दोन घागरींना एक धडा. बोल, कबूल?"

कबूल नसायला काय झालं? मला वाटलं, मी तिला फसवलं. तिलाही बहुतेक तसंच वाटलं असेल.

तेव्हापासून दहावीपर्यंत आमचा हा व्यवहार चालला. ती पाणी भरून यायची, ओसरीवर बोंडांचा ढीग घेऊन बसायची, बोंडातून कापूस काढता काढता म्हणायची, "हं, चालू कर." मी धडा सांगायचो. नुसतं सांगून भागायचं नाही. "कामून?" हा तिचा शब्द. पानं हिरवीच कामून? अपूर्णांकाची बेरीज करताना खालचे आकडे सारखे कामून करायचे? मला उत्तर यायचं नाही. मग मी दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहून सरांना विचारायचो. सर मला हुशार समजायला लागले. खरं तर तो प्रश्न माझा नसायचाच. मी वर्गात कान देऊन बसायचो ते परीक्षेसाठी नाही, संध्याकाळी आक्का विचारणार म्हणून. त्या सवयीवर मी दहावी झालो, नांदेडला बी.एस्सी. झालो आणि लातूरच्या एका डाळमिलमध्ये नोकरीला लागलो. बाजारातून येणाऱ्या तुरीचे नमुने बघायचे, ओल किती, खडा किती, फुटका दाणा किती ते लिहायचं, हे माझं काम. वीस वर्षं तेच करतोय.

आक्काचं लग्न माझ्या अकरावीतच झालं. दाजी भोकरकडचे. चार एकर कोरडवाहू, माणूस शांत. मुलगी सासरी गेली, मुलगा पुण्याला कंपनीत लागला. आक्का गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. पोरं तिला मावशी म्हणतात.

गेल्या पोळ्याच्या आसपास तिचा फोन आला. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत होतो.

"भाऊ, एक सांगायचं होतं. हसू नको."

"न्हाई हसत. काय झालं?"

"मी दहावीचा फॉर्म भरून राहिले. बाहेरून. सतरा नंबर म्हणत्यात त्याला."

मी खरंच हसलो नाही. विचारलं, "आता कामून एकदम?"

तिनं सांगितलं ते असं. खिचडीच्या रांगेत सहावीतल्या एका पोरीनं तिला विचारलं, मावशी, तुम्ही कितवी शिकल्या? आक्का म्हणाली, पाचवी. पोरगी सरळ मनानं म्हणाली, म्हणजे मी तुमच्याहून मोठी आहे. त्यात पोरीचं काहीच चुकलं नव्हतं, आक्कानंही तिला जास्तीचा डाव वाढला. पण घरी आल्यावर तिला ते बोचायला लागलं. दाजींना म्हणाली, मला दहावी व्हायचंय. दाजी म्हणाले, हो की.

"दाखला काढला," आक्का म्हणाली. "आपल्या गावच्या शाळेत जुन्या रजिस्टरात नाव घावलं माझं. आता बाकी तूच. खिचडी वाढून झाली की फोन करत जाते. रोज एक धडा."

"आणि घागरी?"

"घरी आता नळ हाय. पण तू मागशील तर त्याबी भरीन."

मी बी.एस्सी. झालेला माणूस. मला वाटलं, दहावीचं ते काय. त्याच संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारातून दहावीची सगळी पुस्तकं आणली. घरी आलो, गणित भाग एक उघडलं आणि बघतच राहिलो. वर्गसमीकरण. हा शब्द ओळखीचा होता, जसा लग्नात एखादा माणूस चेहऱ्यानं ओळखीचा वाटतो आणि कोण ते आठवत नाही. सूत्र बघितलं. वर्गमुळाच्या चिन्हाखाली काय काय लिहिलेलं. हे मी एकेकाळी झोपेत म्हणायचो. सरांचा सदरा आठवला, फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातला तडा आठवला, ज्या बाकावर बसायचो त्याचा एक खिळा वर आलेला होता तोही आठवला. सूत्र मात्र कोरं.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय, जमेना का?"

"जुनं झालं गं."

"बी.एस्सी. ना तुम्ही? का ते भिंतीवरचं सर्टिफिकेट दुसऱ्याच कुणाचं हाय?"

दुसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला. तिनं वर्गसमीकरणच विचारलं. मी म्हणालो, "हॅलो... आक्का... आवाज तुटून राहिला..." आणि फोन ठेवला. चाळीस वर्षं ओलांडलेला माणूस, आणि बहिणीशी लबाडी केली. तिसऱ्या दिवशी ती पहिलंच वाक्य बोलली, "नेटवर्क बरं झालं का तुझं?"

मग मी खरं सांगितलं. "आक्का, मी विसरलो. सगळं विसरलो."

ती म्हणाली, "बरं मग, दोघं मिळून शिकू. तू पुस्तक वाच, मी कामून विचारते. आधीबी तसंच होतं की."

तसंच सुरू झालं. सकाळी मिलमध्ये जायच्या आधी तासभर मी पुस्तक घेऊन बसायचो. तुरीच्या नमुन्यांच्या पावत्या पाठकोऱ्या असतात, त्यांवर गणितं सोडवायचो. दुपारी तिला सांगायचो. पंधरा दिवसांत ते सूत्र पुन्हा तोंडपाठ झालं. खरं सांगू? ते दुसऱ्यांदा पाठ झालं तेव्हा मला पहिल्यापेक्षा जास्त आनंद झाला. भूगोलात आता भारताच्या बरोबरीनं ब्राझील आहे. आक्का म्हणाली, "तिकडंबी सोयाबीन पिकतं म्हणं. मग तिकडंबी पिवळं पडतंय का आपल्यावाणी?" पुस्तकात ते नव्हतं. मला हदगावच्या वर्गात उभं राहून विचारावंसं वाटलं.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी तिच्याकडं गेलो. लातूर ते नांदेड, नांदेड ते भोकर, पुढं ऑटो. ती ओसरीवर पुस्तकं मांडून बसली होती. मी चहा पीत होतो तोवर ती आत गेली आणि एक गठ्ठा घेऊन आली. जुन्या कॅलेंडरची पानं, पाठीमागून कोऱ्या बाजूला लिहिलेली, गोधडीच्या दोऱ्यानं शिवलेली.

"हे काय?"

"तुझी शाळा," ती म्हणाली.

मला माहीतच नव्हतं. मी धडा सांगून खेळायला पळालो की ती त्या रात्रीच्या स्वयंपाकाआधी जेवढं ध्यानात राहिलं तेवढं लिहून ठेवायची. सहावी ते दहावी. पानापानावर माझे धडे, तिच्या गोल अक्षरात. परागण. पानिपतची लढाई. दशांश अपूर्णांक. आम्ल आणि अल्क. प्रत्येक धड्याच्या शेजारी समासात दोन उभ्या रेघा. दोन घागरींच्या.

"लग्नात रुखवतासंगं आणलं व्हतं," ती म्हणाली. "सासूबाई म्हणल्या, रद्दी कशाला आणली."

मी पानं उलटत गेलो आणि मला एकही धडा आठवेना. हे मीच सांगितलेलं. माझी काही वाक्यं तिनं जशीच्या तशी लिहिली होती, "आता बास, मला खेळायला जायचंय" हेसुद्धा. जे मी विसरलो ते सगळं भोकरजवळच्या एका घरात पेटीत नीट ठेवलेलं होतं. त्या क्षणी मला माझ्या विसरण्याची लाज वाटायची ती थांबली. मला तिचा एवढा अभिमान वाटला की चहा तसाच राहिला.

मग तिनं सहज म्हणून सांगितलं, "नदीचा धडा तर मी खिचडीच्या रांगेत पोरांना नेमानं सांगते. लई आवडतो त्यांना."

"कोणता नदीचा?"

"आरं, तूच तर सांगितला. पैनगंगा रोज एवढं पाणी समुद्राला नेती, मग समुद्र भरून वाहत कामून न्हाई? तर प्रत्येक नदीच्या खाली, जमिनीच्या पोटात, तेवढीच दुसरी नदी असती. ती उलटी वाहती. समुद्राचं पाणी परत डोंगरात आणून सोडती."

असं काही नसतं एवढं तर मला कळत होतं. पण मी तिला हे कधी आणि का सांगितलं असेल? सरांनी चुकीचं शिकवलं होतं का? का मीच नीट ऐकलं नव्हतं? मी तिला म्हणालो, "आक्का, हा गठ्ठा मला आठ दिवस दे. पुस्तकाशी ताडून बघतो."

"भिजवू नको," ती म्हणाली.

सहावी ते नववीची पुस्तकंही आणली आणि आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मी एक एक पान ताडत बसलो. सोबतचे लोक विचारायचे, काय वाचून राहिलात? मी म्हणायचो, माझी वही. काही नावं इकडची तिकडं होती, एका ठिकाणी गुणाकार चुकला होता, पण धडे खरे होते. शेवटी नदीचं पान सापडलं. त्याच्या शेजारी दोन रेघा नव्हत्या, तीन होत्या.

तीन का, म्हणून मी बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिलो, आणि मग अचानक सगळं आठवलं. सातवीत असताना एक दिवस आम्ही चार पोरं शाळा बुडवून पैनगंगेवर पोहायला गेलो होतो. घरी आलो तेव्हा केस ओले. आक्कानं बघितलं. तिला वाटलं, पोराला ताप येणार. तिनं रोजच्या दोन घागरींवर तिसरी आणली, पाणी तापवलं, मला न्हाऊ घातलं, टॉवेलनं डोकं पुसता पुसता विचारलं, "आज काय शिकवलं?" शाळेत गेलोच नव्हतो तर काय सांगणार! म्हणालो, नदीचा धडा होता. तिनं विचारलं, मग समुद्र भरून वाहत कामून न्हाई? आणि मी जे तोंडात येईल ते सांगितलं.

पाच वर्षांच्या गठ्ठ्यात एवढा एकच धडा खोटा होता. पण तो तिला सगळ्यात आवडायचा, तो ती गावातल्या पोरांना सांगत होती, आणि महिन्याभरानं तिची परीक्षा होती. दहावीच्या भूगोलात नद्यांचा धडा आहे. तिनं पेपरात हे लिहिलं तर? आणि आत्ता सांगितलं तर? भाऊ एकदा खोटं बोलला म्हणल्यावर तिचा बाकीच्या पानांवर तरी विश्वास राहील का? भर परीक्षेच्या तोंडावर तिच्या पायाखालची जमीन काढल्यासारखं झालं असतं. मी तीन वेळा फोन लावला आणि तीन वेळा ब्राझीलबद्दल बोललो.

त्याच आठवड्यात ती मराठीच्या पेपराची तयारी करत होती. त्यात पत्रलेखन येतं. ती म्हणाली, "पुस्तकातलं पत्र वाचलं. पण मला आजवर कुणी पत्रच धाडलं न्हाई रं. खरं पत्र कसं असतं ते कसं कळावं?"

मी म्हणालो, "धाडतो."

पत्र पोचलं त्या दिवशी तिनं फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंचा फोन आला, आक्काच्या फोनवरून. त्यांनी सांगितलं, मावशींनी आज खिचडीची रांग थांबवली आणि पोरांना म्हणाल्या, मी तुम्हाला नदीचा धडा सांगितला तो खोटा होता, आता खरा सांगते. एका पोरानं विचारलं, मावशी, खोटा कामून सांगितला? मावशी म्हणाल्या, ज्यानं मला शिकवलं तो त्या दिवशी शाळा बुडवून नदीवर गेलता. तुम्ही बुडवू नका. सगळी रांग हसली. बाई म्हणाल्या, तुम्हीच का ते? मी म्हणालो, हो, मीच.

मी शिकलेल्या लोकांत वीस वर्षं काढली. आपण चुकीचं शिकवलं, असं आपल्याच पोरांपुढं उभं राहून म्हणणारा माणूस मला फारसा भेटला नाही. खिचडीचा डाव हातात धरून माझ्या आक्कानं ते केलं.

आक्का दहावी पास झाली, पहिल्याच खेपेला. गणितात काठावर, सामाजिक शास्त्रांत सगळ्यात जास्त. निकालाच्या दिवशी ती फोनवर म्हणाली, "आता त्या पोरीला सांगितलं, मी दहावी हाय म्हणून. ती म्हणती, मग आता बारावी करा." गुणपत्रिका दाजींनी देव्हाऱ्याशेजारी लावली. दाजी तिला परीक्षेला भोकरला मोटारसायकलवर घेऊन जायचे. त्यांनी मला नंतर सांगितलं की हॉलतिकिटाच्या प्लास्टिकच्या पाकिटात तिनं माझं पत्र घडी करून ठेवलं होतं, आणि वर्गात शिरण्याआधी ते दाजींच्या हातात द्यायची.

त्या पत्राची एक प्रत मी पाठकोऱ्या पावत्यांवर उतरून ठेवली होती. ते पत्र असं होतं.

लातूर

तीर्थस्वरूप आक्कास,
साष्टांग नमस्कार.

तुला आलेलं हे पहिलं पत्र. वरच्या उजव्या कोपऱ्यात गाव लिहायचं, मग मायना, मग मजकूर. परीक्षेत तारीखही लिही, मी मुद्दाम लिहिली नाही, कारण हे पत्र लिहायला मला फार दिवस लागले.

आक्का, तुझा गठ्ठा मी पानापानाला पुस्तकाशी ताडून बघितला. तुझी पानं खरी आहेत. परागण खरं आहे, आम्ल आणि अल्क खरं आहे, सगळी गणितं खरी आहेत, एक गुणाकार सोडला तर, आणि तो माझा चुकला होता. परीक्षेला जाताना ती पानं डोळे झाकून मान. मी जे विसरलो ते तू राखलंस. मी लातुरात बसून जे पुन्हा शिकलो ते तुझ्या पानांशी ताडूनच पक्कं झालं.

एकच पान खोटं आहे. पैनगंगेचं. नदीखाली दुसरी नदी नसते. त्या दिवशी मी शाळेत गेलोच नव्हतो. नदीवर पोहायला गेलो होतो, म्हणून केस ओले होते. तू तिसरी घागर आणून मला न्हाऊ घातलंस आणि मी तुला खोटं सांगितलं. ते तू इतकी वर्षं जपलंस, पोरांना सांगितलंस. याबद्दल मला माफ कर असं लिहायला पाहिजे, पण ते पत्रात लिहून भागत नाही.

त्या दिवशीचा खरा धडा आता देतो. समुद्र भरून वाहत नाही, कारण ऊन रोज त्याचं पाणी वाफ करून वर नेतं. वर ढग होतात, ढग वाऱ्यानं आपल्याकडं येतात, डोंगरावर पडतात, आणि तेच पाणी पुन्हा पैनगंगेत येतं. म्हणजे पाणी परत येतं हे मी खरं सांगितलं होतं. वाट चुकीची सांगितली. ते खालून येत नाही, वरून येतं.

गठ्ठा हाती आला की हे त्याच पानावर खाली लिहून घे. तीन रेघा मात्र खोड, त्या घागरींची उधारी माझ्याकडं आहे. शाळेत खिचडीचं पाणी तू अजून हापशावरून आणतेस, हे मला माहीत आहे. येत्या सोमवारी मी सुट्टी टाकून, तुझा गठ्ठा घेऊन येतोय. त्या दिवशी तू पोरांना शिकव. पहिल्या तीन घागरी मी भरणार.

तुझा,
नदीवर गेलेला भाऊ